रेडिएटरचं झाकण



पंधरा दिवस ट्रॅक्टर पाणी खात होता. खोडवा मोडलेल्या रानात रोटर लावला की तासाभरात काटा लाल पट्ट्याकडं सरकायचा. रोज संध्याकाळी दीड-दोन लिटर पाणी ओतायचं. उभ्या जागी खाली एक थेंब नाही. मला वाटलं, हेड गॅस्केट गेलं. त्या खर्चाच्या धास्तीनं फिटरकडं जायचं टाळलं आणि घरचंच डोकं चालवलं. झाकण ढिलं वाटत होतं, म्हणून जुन्या ट्यूबची गोल चकती कापून त्याखाली बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वरचा होज पाइप आत ओढून चपटा झालेला. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्याच दुपारी पुतण्यानं गरम ट्रॅक्टरचं झाकण पोतं धरून फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. तोंड बाजूला होतं म्हणून डोळे वाचले, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. वीस मिनिटं नळाखाली हात धरला, मग दवाखान्यात नेला. वाटेत म्हणाला, "काका, पोतं धरलं होतं की." ही सवय त्याला कुणी लावली? मीच. तो लहानपणापासून मला तसंच उघडताना बघतोय.

मग फिटरला बोलावलं. त्यानं आधी झाकणच हातात घेतलं. रबर कडक होऊन चिरलेलं, स्प्रिंग बोटानं सहज दबतेय. तो म्हणाला, "दादा, हे नुसतं झाकण नाही, व्हॉल्व्ह आहे."

झाकण आत दाब धरतं. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशाला उकळतं. 0.9 लिहिलेलं झाकण नीट असेल तर ते सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि चालता चालता बाजूच्या नळीतून निघून जातं. म्हणून उभ्या जागी थेंब दिसत नव्हता. इंजिन गार होताना झाकणातला मधला छोटा व्हॉल्व्ह उघडून हवा किंवा बाटलीतलं पाणी आत घेतो. माझ्या चकतीनं ती वाट बंद केली, म्हणून पाइप चपटा झाला. वर चकतीच्या जाडीनं स्प्रिंग जास्त दाबली गेली, म्हणजे आतला दाबही वाढला. पोराच्या हातावर उडालं ते माझं शहाणपण.

नवीन झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर होज फुटू शकतो, कमीचं लावलं तर पाणी लवकर उकळतं. रेडिएटरच्या तोंडाची कड फडक्यानं पुसा, बोअरच्या पाण्याचा क्षार साचला असेल तर काढा. झाकण दाबून शेवटच्या खाचेपर्यंत फिरवा. नुसतं बोअरचं पाणी न ओतता कूलंट मिसळा.

आणि इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. पोतं धरूनसुद्धा नाही. अर्धा-पाऊण तास काम थांबलं तर थांबू द्या.

नवीन झाकण लावून चार दिवस रोटर चालवला. काटा मधे, पाणी जिथल्या तिथं. झाकण किरकोळ पैशात आलं. पोराच्या हाताची पट्टी अजून सुटायचीय.