कूलर चालू राहू द्या
‘एडिटिंगमध्ये सगळं निघून जाते’ म्हणणाऱ्या त्या माणसाचा मला अजूनही राग आहे.

नागपुरात इंदोऱ्यातलं आमचं घर, ऐन मे महिना. आजीला बोलतं करायचं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती वडिलांचं बोट धरून धम्मदीक्षेला गेली होती. ते तिच्याच तोंडून व्हिडिओत राहावं, एवढंच. शूटिंगवाल्याने लाइट लावले, कॅमेरा पार दाराशी मांडला, कॉलर माइक पिशवीतच. “भाऊ, कूलर बंद करू का?” तर म्हणे, “राहू द्या ना, आजीले गरमी होईन. निघून जाते एडिटिंगमध्ये.”

आजी मुळात हळू बोलते. बाबासाहेबांचं नाव आलं की आणखी हळू. रेकॉर्डिंगमध्ये कूलर पुढे, आजी मागे. आवाज वाढवावा तर कूलरही तेवढाच वाढतो. त्यात मध्येच कुणाच्या हातून स्टीलचा ग्लास पडलेला. नॉर्मलाइझ केलं, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाच्या मापाने सगळं वर उचललं, की सॉफ्टवेअर त्या खणखणाटापाशी अडायचं, आजी होती तिथेच.

पण शूटिंगवाल्याने पाठवलेली ‘क्लीन’ फाइल त्याहून वाईट. कूलर गायब, आणि आजी पाण्याखालून बोलतेय. स, श, ह म्हणजे तोंडातून सुटणारी हवा. कूलरचा आवाजही हवेचाच. मशीनला फरक कळेना, दोन्ही उडवलं. ‘शपथ’ची ‘पथ’ झाली. ‘बाबासाहेब’मधला ‘सा’च गेला. ज्या नावापाशी तिचा आवाज दबला, नेमकं तेच नाव खाल्लं!

मूळ फाइल मागून घेतलीच होती, ती घेऊन ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा बसलो. आधी ग्लासाचा तेवढा तुकडा खाली आणला. आजी बोलायच्या आधीच्या नुसत्या कूलरमधून नॉइज प्रोफाइल घेतलं, रिडक्शन सहाच डेसिबल ठेवलं. मग लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा कम्प्रेसर, मग आवाज वर. कूलर उरलाच, पण ‘सा’ ऐकू आला.

घरच्या म्हाताऱ्यांना रेकॉर्ड करायचं तर दुसरा मोबाइल रेकॉर्डर लावून त्यांच्यासमोर वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, तोही फुकटात. कूलर तेवढा वेळ बंद.

खरं तर आता ती घरघर मला खटकत नाही. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय आजी बोलतेय, हेच खोटं वाटलं असतं. घरच्यांना मात्र शूटिंगवाल्याचीच फाइल आवडली. मोबाइलवर मोठ्याने वाजते म्हणे. ग्रुपवर तीच फिरतेय. ‘ऑडिओ क्लीनिंग’चे त्याने बिलात वेगळे पैसे लावले होते, तेही काकांनी देऊन टाकले.