व्यापाऱ्याचे घर आणि पायाखालची माती

टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल शहरात चार्ल्स स्टिलमन या व्यापाऱ्याचे विटांचे बैठे घर आहे. १८५०च्या सुमारास बांधलेली ही वास्तू आज संग्रहालय म्हणून जतन केली आहे.

१८४८च्या तहाने रिओ ग्रांदे नदी अमेरिका व मेक्सिको यांची सीमा ठरली. पलीकडच्या मातामोरोस येथे १८२८पासून व्यापार करणाऱ्या स्टिलमनने संधी ओळखली आणि अलीकडच्या काठावर हे शहर वसविले. त्याच्या दूरदृष्टीला आम्ही दाद देतो.

तथापि आमचे मन उंबरठ्याबाहेरच्या मातीत रेंगाळते. ही भूमी स्पेनच्या राजवटीत १७८१ साली दिलेल्या एस्पिरितू सांतो या इनामाची. सीमा सरकली, तरी वारसदार तेथेच होते. मालकीचा वाद न्यायालयात गेला. १८५९ साली त्या इनामदारांच्या नात्यातील हुआन कोर्तिना सशस्त्र साथीदारांसह शहरात शिरला. मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी वकील मंडळी हिरावून घेतात, ही त्याची एक तक्रार होती. त्या रक्तपाताचे समर्थन आम्ही करणार नाही.

मात्र संस्थापकाचे घर जेथे इतक्या आस्थेने जपले जाते, तेथे त्या मातीच्या आधीच्या धन्यांची नावेही तितक्याच आस्थेने सांगितली जावीत, असे आम्हांस वाटते.