डेड स्टॉक रजिस्टर आणि परदेशस्थ तज्ज्ञ

परदेशस्थ भारतीय मायदेशी किती पैसा पाठवतात याचा हिशेब चोख ठेवला जातो, आणि 2022 मध्ये ही रक्कम वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेली तेव्हा तिचे कौतुकही पुष्कळ झाले; त्यांच्या कौशल्याची नोंद मात्र सत्काराच्या छायाचित्रांपलीकडे फारशी जात नाही. हे कौशल्य मायदेशाच्या कामी आणण्याची कल्पना नवी नाही. परदेशी स्थायिक झालेल्या तज्ज्ञाने मानधनाची अपेक्षा न धरता, प्रवासखर्च व दैनिक भत्ता एवढ्यावर थोड्या मुदतीसाठी मायदेशी काम करावे, अशी ‘टोकटेन’ नावाची योजना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 1977 मध्ये तुर्कस्तानात सुरू केली. भारताच्या ‘वज्र’ आणि ‘वैभव’ या योजनाही अल्प मुदतीच्याच असून, ‘वैभव’मध्ये वर्षाला एक ते दोन महिने, असे जास्तीत जास्त तीन वर्षे काम अपेक्षित आहे.

प्रस्तुत लेखक, जो व्यवसायाने धातुशास्त्रज्ञ असून दीर्घकाळ परदेशात ओतकामाच्या क्षेत्रात होता, अशा कोणत्याही योजनेत न शिरता स्वखर्चाने पश्चिम महाराष्ट्रातील एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवण्यासाठी आला. शाल-श्रीफळ पहिल्याच दिवशी मिळाले. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर होता. धातूच्या तुकड्यावर ठिणगी पाडून, तिच्या प्रकाशावरून त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती हे क्षणात सांगणारे हे उपकरण. ते कुलपात होते, कारण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत, ते बदली होऊन गेलेल्या एका प्राध्यापकांच्या नावावर होते, आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी चार्ज घेतला नव्हता. चार्ज का घेतला नाही, तर उपकरण चालू स्थितीत आहे असे लिहून द्यावे लागते. ते चालू आहे का हे पाहायचे तर आरगॉन वायूचे सिलिंडर हवे. सिलिंडरची मागणी ज्याच्याकडे चार्ज आहे त्यानेच करायची. लेखकाने सिलिंडर पदरमोड करून आणण्याची तयारी दाखवली, तेव्हा देणगी स्वीकारण्यासाठी वेगळा ठराव लागेल असे नम्रपणे सांगण्यात आले. मुलांनी तो विषय फळ्यावरच्या आकृतीवरून शिकला, यंत्र भिंतीपलीकडे असताना.

याउलट शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या फाउंड्रीत कोणी अर्ज मागितला नाही. मालकाने रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे छिद्रे पडलेला ओतीव भाग, पुढे टाकला. कापून पाहता छिद्रांच्या कडा गुळगुळीत निघाल्या, याचा अर्थ ते आकुंचनाचे खड्डे नसून अडकलेल्या वायूचे ब्लो होल होते. वाळूतला ओलावा वाढल्याचे तिथल्या जुन्या मोल्डरने आधीच सांगून पाहिले होते. पाहुण्याने तेच म्हटल्यावर मात्र मालकाने ते ऐकले, आणि यात परदेशी कौशल्याचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

चार्ज न घेणाऱ्या प्राध्यापकांना दोष देणेही सोपे नाही. उपकरण बिघडले तर वसुली त्यांच्या पगारातून होण्याची धास्ती खरी होती, पाहुणा तर महिन्याभरात विमानात बसणार होता. त्यांच्या जागी असता तर लेखकानेही कदाचित सही केली नसती. तरीही वर्षभर बंद खोलीत पडलेले यंत्र कोणाच्याच पगाराला धक्का लावत नाही, हे खटकल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतून आलेल्या सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने 1984 मध्ये ‘सी-डॉट’ ही दूरध्वनी-तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, तेव्हा 36 महिने आणि 36 कोटी रुपये या मर्यादेबरोबर तिला नेहमीच्या सरकारी चाकोरीबाहेर काम करण्याची मुभाही दिली गेली होती. आज त्यांचे नाव घेतले जाते, त्या मुभेचे नाही.

परदेशातून शिकवायला येऊ पाहणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी यजमान संस्थेला एवढेच लेखी विचारावे, की ज्या उपकरणावर काम करायचे आहे त्याचा चार्ज आज कोणाकडे आहे. उत्तरात एखाद्या व्यक्तीचे नाव न येता केवळ स्वागताचे पत्र आले, तर तो महिना सरळ एखाद्या फाउंड्रीला द्यावा.