रॉकीज, रॅगवीड आणि चार सिलिंडर

प्रवासवर्णन म्हटलं की सुरुवातीला बॅगा भरण्याचं वर्णन यावंच लागतं. थर्मास, दशम्या, चिवड्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, शिवाय 'असू दे बरोबर' म्हणून घेतलेल्या आणि घरी परत येईपर्यंत न उघडलेल्या दोन पिशव्या. आमच्या यादीत मात्र या सगळ्यांच्या वर एक ओळ असते : ऑक्सिजनचे सिलिंडर, नग चार.

"अगंबाई, दमा आहे की काय?" असं हमखास विचारलं जातं. दमा नाही. आहे ती क्लस्टर डोकेदुखी. डोकं ह्यांचं, जागरण दोघांचं; म्हणून हा लेखही दोघांचा.

या दुखण्याला मराठीत रूढ नाव नाही. अर्धशिशी म्हणावं तर ती वेगळी. अर्धशिशी असलेल्या माणसाला अंधारी खोली लागते, तो निपचित पडून राहतो. क्लस्टरवाल्याला एका जागी बसवतच नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोकं दाबून धरतो, भिंतीवर आपटावंसं वाटतं म्हणतो. कळ एकाच डोळ्यामागे. तोच डोळा लाल, त्याच डोळ्याला पाणी, तीच नाकपुडी बंद, तीच पापणी खाली उतरलेली. पाव तास ते तीन तास असा एकेक झटका, आणि दिवसाला एक-दोन पासून आठपर्यंत. असे काही आठवडे किंवा महिने झाले की सगळं थांबतं, जणू काही झालंच नव्हतं. साधारण हजारात एखाद्याला हे होतं, त्यामुळे गावात दुसरा माणूस भेटायचीही पंचाईत.

आमच्याकडे हा हंगाम बहुधा सप्टेंबरात येतो. तोच रॅगवीडचाही हंगाम. शिकागोच्या आसपास राहणाऱ्यांना या गवताची ओळख करून द्यायला नको. ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं कडक धुकं-दव गोठेपर्यंत त्याचे परागकण हवेत असतात. पुण्याकडच्या मंडळींसाठी सांगायचं तर हे आपल्या गाजरगवताचं नातलग, दोघंही सूर्यफुलाच्या कुळातली. ते गाजरगवत अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. म्हणजे हे कूळ आमच्या पाठीमागे तिकडेही होतं आणि इथेही आहे!

डोळ्याला पाणी आणि नाक चोंदलेलं, त्यात सप्टेंबर. त्यामुळे "ॲलर्जी आहे हो, सायनस असेल" हे निदान सगळ्यांनी केलं. मावशींनी फोनवरून सुंठेचा लेप सांगितला. गंमत म्हणजे १९३९ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. बेयर्ड हॉर्टन यांनी या दुखण्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांचाही रोख हिस्टामिनवरच होता. थोडं थोडं हिस्टामिन टोचून शरीराला सवय लावायची, असा त्यांचा उपाय. आज ते मागे पडलं. १९९८ साली लंडनला झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग जागा झालेला दिसला. शरीराचं घड्याळ तिथेच असतं. म्हणूनच झटका रोज ठरल्या वेळी येतो. ॲलर्जीच्या गोळीनं तो थांबत नाही. आमचा आपला घरगुती ठोकताळा : दोन्ही डोळे खाजले, शिंका आल्या, तर रॅगवीड, एकच डोळा आणि आत सुरी, तर क्लस्टर. पण रॅगवीडनं रात्रभर नाक चोंदलं, झोप मोडली, की दुसऱ्या दिवशी पाहुणा लवकर येतो असा आमचा अनुभव आहे. दारूचा थेंब, रंगाचा किंवा पेट्रोलचा उग्र वास आणि उंचावरची विरळ हवा, ही आणखी तीन निमंत्रणं.

मग ऐन हंगामात रॉकीजला जायची दुर्बुद्धी का? त्याला कारण सांगलीचं. येत्या जानेवारीत सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि धाकटा मुलगा आल्याशिवाय औक्षण करून घेणार नाही असं त्यांनी जाहीर केलं आहे. मागच्या खेपेला ह्यांचा हंगाम जानेवारीपर्यंत लांबला होता. विमान आकाशात कितीही उंच असो, आतली हवा ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ होऊ देतात. शिवाय अमेरिकेतल्या विमानांत प्रवाशाला स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी छोटी यंत्रं चालतात, पण त्यांचा झोत आम्हाला लागतो त्याच्या निम्म्यानंही नसतो. कोलोराडोतलं एस्टेस पार्क हे गाव आहे ७,५२२ फुटांवर. म्हटलं, रंगीत तालीम जमिनीवर करावी. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, व्हेरापॅमिलचा डोस तपासला आणि "जा, पण पायरी पायरीनं चढा" म्हणाले.

सिलिंडरचा हिशेब असा. या दुखण्याला साधा ऑक्सिजन उपयोगाचा नाही; मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी लावलेल्या घट्ट मास्कमधून. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत अशा ऑक्सिजननं पाव तासात ७८ टक्के झटके शमले, नुसत्या हवेनं २० टक्के. 'ई' आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर मावतो, म्हणजे जेमतेम तीन झटके. चार सिलिंडर म्हणजे बारा. गाडीत ते मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बसवले, नातवंडांसारखे.

शिकागो ते डेन्व्हर सुमारे हजार मैल. पहिला मुक्काम नेब्रास्कातलं लिंकन. आयोवातली मक्याची शेतं सोनेरी झाली होती. बघायला फार सुंदर, पण काचा बंद. वॉलकॉटचा तो अवाढव्य ट्रकथांबा पाहायची फार इच्छा होती. तिथे डिझेलचा वास इतका की एकानं आत जाऊन कॉफी आणायची आणि दुसऱ्यानं बंद गाडीत बसून ट्रक मोजायचे, अशी कामाची वाटणी झाली. ट्रक एकशे चौदा भरले.

नेब्रास्का कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात. आम्हाला ते आवडलं, कारण ते आम्हाला न कळत चढवत नेतं. प्लॅट नदीच्या काठानं रस्ता सपाटच दिसतो, पण लिंकनची १,२०० फूट उंची डेन्व्हरला पोचेपर्यंत ५,२८० होते. एकही घाट नाही, एकही वळण नाही. खंडाळ्याचा घाट ज्यांनी एसटीत लिंबू हुंगत काढला त्यांना ही चढण चढणच वाटणार नाही.

डेन्व्हरला दोन रात्री थांबलो, भरपूर पाणी प्यालो, वाइनला नमस्कार केला. मग एस्टेस पार्क. पहिल्याच रात्री एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली. घरी हा पाहुणा दोनच्या सुमारास येतो. घड्याळं आम्ही एक तास मागे केली होती. ह्यांच्या डोक्यानं केली नव्हती. एकानं सिलिंडरची चावी फिरवली, दुसऱ्यानं मास्क धरला. पलंगाच्या कडेला वाकून बसायचं, खोल श्वास घ्यायचा. मोजण्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं, म्हणून आम्ही मिनिटं मोजतो. नवव्या मिनिटाला बाहेरून एक विचित्र आवाज आला. आधी घोगरा, मग चढत चढत शिट्टीसारखा. पुन्हा आला. चौदाव्या मिनिटाला मास्क उतरला आणि पहिला प्रश्न आला, "ते काय ओरडतंय?"

ते एल्क होतं. आपल्या सांबराच्या जातकुळीतलं, पण अंगापिंडानं थोर. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ. नर रात्रभर साद घालत गावातून हिंडतात. पडदा सारून पाहिलं तर मोटेलच्या हिरवळीवर, झाडाएवढी शिंगं घेऊन एक महाराज उभे! रात्री दीड वाजता दोघंही खिडकीशी उभं राहून हसलो.

दुसऱ्या रात्री, ठरल्याप्रमाणे, ऑक्सिजनला हात न लावता सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन घेतलं, कारण विमानात तेच हाताशी असणार. बारा मिनिटं लागली. तालीम पार पडली.

रॉकी माउंटन नॅशनल पार्क १९१५ चं. त्यातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, जिथे समुद्रसपाटीच्या मानानं हवेचा दाब दोन-तृतीयांशही उरत नाही. आम्ही मेनी पार्क्स कर्व्हपर्यंत गेलो, ९,६४० फूट. कोलोराडोत डोंगरातल्या कुरणाला 'पार्क' म्हणतात. तिथून खाली अशी कितीतरी कुरणं दिसतात, मधूनमधून पिवळ्याधमक ॲस्पेनचे पट्टे आणि समोर १४,२५९ फुटांचं लाँग्ज पीक. डाव्या डोळ्याशी किंचित ओल जाणवली. "वळवूया," असं कोण आधी म्हणालं ते आठवत नाही. बाकीच्या गाड्या वर जात राहिल्या. आम्ही गाडी वळवली, संध्याकाळी मोरेन पार्कच्या कडेला दशम्या खात बसलो. कुरणात उतरायला या दिवसांत संध्याकाळी मनाई असते, म्हणून रस्त्यावरूनच एल्कचा दरबार बघितला. वरचा रस्ता राहिला तो राहिला. नकाशावरची एक रेघ आपल्यासाठी नाही हे एकदा मान्य केलं की उरलेला नकाशा मोकळा होतो.

परत येताना सातव्या झटक्यापर्यंत मजल गेली; सव्वा सिलिंडर शिल्लक राहिला.

असंच दुखणं आपल्यापैकी कोणाला असेल तर चार गोष्टी. 'सायनस' म्हणून वर्षं घालवू नका, डोकेदुखीच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. झटक्याच्या वेळांची वही ठेवा. निदान त्या वहीतून होतं. इंजेक्शन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. पण हृदयविकार असणाऱ्यांना ते चालत नाही. आणि मेडिकेअरवर असणाऱ्यांनी ऑक्सिजनची पुन्हा चौकशी करा, या दुखण्यापुरती असलेली सरसकट मनाई सप्टेंबर २०२१ मध्ये उठली आहे.

मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी आरतीच्या मध्येच उठून बाहेर फेऱ्या मारताना दिसलं, तर रागावला असं समजू नका. धूप-उदबत्तीचा वास दारापर्यंत येत असेल. "काय झालं?" विचारण्यापेक्षा गाडीतून सिलिंडर आणून द्या.

जानेवारीची तिकिटं काढली आहेत. ड्रीमलायनर विमान मुद्दाम शोधलं, त्यात आतली हवा ६,००० फुटांच्या वर विरळ होऊ देत नाहीत. सांगलीला एका दुकानाशी बोलून सिलिंडरची सोय केली आहे. सासूबाईंना एवढंच कळवलंय की औक्षणाला निरांजनं हवी तेवढी लावा, उदबत्ती मात्र अंगणात.