सौम्य गाठीचा पाठपुरावा

वैद्यकातील ‘सौम्य’ हा शब्द मोठा फसवा आहे. गाठ कर्करोगाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती पुन्हा उद्भवणार नाही, असे अभिवचन त्यात कोठेही नाही. आमच्या डाव्या नाकपुडीतून काढलेल्या मांसाचा तपासणी-अहवाल हाती आला, तेव्हा या एका शब्दाने घरची मंडळी निश्चिंत झाली. डॉक्टर मात्र झाले नव्हते.

अहवालात ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ असे नाव होते. नाकातील साधे पॉलिप बहुधा दोन्ही बाजूंस येतात. ही गाठ बहुधा एकाच बाजूस वाढते आणि बाहेर फुलण्याऐवजी तिचे पदर आत वळतात, म्हणून हे नाव. एक नाकपुडी सतत चोंदणे, वास मंदावणे, क्वचित रक्त येणे, एवढीच लक्षणे. वेदना सहसा नसते. पेडणे-डिचोलीकडे चार महिने पाऊस. तेव्हा चोंदलेल्या नाकाचा दोष पडशावर जातो आणि दिवस निघून जातात.

नाकातील अशा वाढी आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होत्या. सुश्रुताने उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग सांगताना अर्श आणि अर्बुद वेगळे गणले आहेत. युरोपात १७व्या शतकात श्नायडर या जर्मन वैद्याने, शेंबूड मेंदूतून झरत नसून नाकाच्या अस्तरातून येतो, हे दाखविले. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्तरातून ही गाठ उगवते.

तिच्यावर मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा. पूर्वी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घेऊन हाड काढावे लागे. १९८० नंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळली. गाठ हाडाला जेथे चिकटलेली असते, ते मूळ शोधून तेथील हाडही घासून काढतात. मूळ राहिले तर गवतासारखी ती पुन्हा उगवते. नीट काढूनही काहींच्या बाबतीत ती परतते, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण कधी पाच-दहा वर्षांनीही. शंभरातील सुमारे पाच ते दहा जणांत तिच्यासोबत वा पुढे कर्करोग आढळतो.

डिचोलीतील आमचे एक आप्त अशाच गाठीतून बरे झाले. श्वास मोकळा झाल्यावर बांबोळीची फेरी कशाला, म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांनी जाणे सोडले. सातव्या वर्षी त्यांचा डोळा किंचित पुढे आलेला सुनेच्या लक्षात आला. गाठ डोळ्याच्या खोबणीशी पोहोचली होती. दृष्टी वाचली; पण दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कितीतरी अवघड गेली.

आम्ही हयात सरकारी नोकरीत घालविली. निकालात निघालेली फाईल वेगळी आणि पाठपुराव्यातली वेगळी, हे तेथे पहिल्या वर्षीच शिकवितात. ही फाईल दुसऱ्या जातीची.

तारखा विसरतात, उत्सव विसरत नाहीत. म्हणून सौभाग्यवतीने तपासणीची सांगड उत्सवांशी घातली. पहिली दोन वर्षे शिगमा, शिरगावची लईराईची जत्रा, नार्व्याची अष्टमी आणि पेडण्याची पुनव, यांच्या मागेपुढे डॉक्टरांची तारीख येई. आता वर्षातून एकदा, पुनवेनंतर. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे महाविद्यालय बांबोळीला आहे. आजोबांच्या काळी त्या शाळेपर्यंत पोहोचायला मांडवी तरीने ओलांडावी लागे. आम्हाला बसचा प्रवास जड वाटू नये.

तपासणी काही मिनिटांची. नाक बधिर करून बारीक दुर्बीण आत घालतात. शंका आली तरच एमआरआय किंवा मांसाचा तुकडा. अहवालांच्या प्रती आणि सीडी आम्ही एका पिशवीत जपतो, कारण नव्या डॉक्टरांना जुने मूळ कोठे होते हे त्यावरूनच कळते. वाचकांपैकी कोणाचे एकाच बाजूचे नाक महिनोन्महिने चोंदत असेल, तर त्यांनी ते पडशावर सोडू नये.

यंदाची सहावी पुनव. अस्तर स्वच्छ दिसले, डॉक्टरांनी पुढल्या वर्षीची तारीख लिहिली आणि सौभाग्यवतीने ती पिशवीत ठेवली.