जुळारी

नाना संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत जात. पिशवी खुंटीला अडकवायची आणि कुणाशी न बोलता थेट मोरी. तिथे एका फुटक्या वाडग्यात बंबातली राख आणि लाल साबणाचा तुकडा ठेवलेला असे. दोन्ही हात कोपरापर्यंत, मग नखं, मग पुन्हा हात. धाकटा भाऊ तेव्हा रांगायचा. तो त्यांच्या पायाला मिठी मारायचा आणि नाना हात वर धरून तसेच उभे राहायचे. "थांब रे राजा, शिसं आहे." आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाच्याही डोक्यावरून त्यांनी न धुतलेला हात कधी फिरवला नाही.

नाना पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. पगारपत्रकावर कंपोझिटर लिहिलेलं असे, पण ते स्वतःला जुळारी म्हणत. सातवी झाल्यावर, १९४९ साली, चौदाव्या वर्षी ते छापखान्यात लागले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर घोडीवर अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेल्या, घराघरांच्या केसा. उजवा हात न बघता बरोबर त्या घरात जाई, खिळा उचली, अंगठ्याला त्याची खाच लागली की अक्षराचं तोंड कुठे आहे ते कळे आणि खिळा ओळीत बसे. इंग्रजी जुळवणाऱ्याचं दोन केसांत भागे. आपल्या लिपीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, रफार असे शेकडो खिळे लागत. ही संख्या कमी करण्यासाठी टिळकांनीसुद्धा डोकं खपवलं होतं, हे नाना इतक्या अभिमानाने सांगत, जणू टिळक त्यांच्या शेजारच्या घोडीशी उभे राहून काम करत होते.

खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि स्टिकमध्ये ओळ डोक्यावर उभी असते. नाना तशी ओळ आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज वाचत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असंच वाचतात.

जुळवणं लोकांना ठाऊक असतं. सोडणं फारसं कुणाला ठाऊक नसतं. छपाई झाली की फर्मा सोडायचा, खिळे रॉकेलने धुवायचे आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. दिवसभर उभं केलेलं सगळं पुन्हा मोकळं करायचं. नानांना हे काम जुळवण्याइतकंच आवडे, आणि मला आज वाटतं, त्यांचा स्वभाव या कामातच जास्त दिसे. "ळच्या घरात ल पडला, तर उद्या कुणाच्या तरी पुस्तकात काळाचा काल होईल," असं ते म्हणत. रात्री आम्ही तिघं झोपलो की ते अंथरुणांवरून नजर फिरवत. दप्तरं भिंतीशी, चपला जोडीने, पाण्याचा तांब्या झाकलेला. मगच दिवा मालवत.

दिवाळीच्या आधीचे दोन महिने ते आम्हाला क्वचितच दिसत. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी छापील झाली, पण ती दिवाळी जुळाऱ्यांच्या रात्रपाळीवर उभी असे. आई दोन डबे द्यायची. ते परत यायचे तेव्हा आम्ही झोपेत, आणि उठायचो तेव्हा ते गेलेले. त्या जादा कामाच्या पैशांतून आमचे कपडे होत. त्यांचं स्वतःचं नवं धोतर मात्र पाडव्याला, तेही आईने आठवण केली तर.

छापताना वाया गेलेले ताव ते घरी आणत. आमच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं. माझ्या गणिताच्या पुस्तकावर एका कथेचं पान होतं. विहिरीपाशी एक बाई उभी आहे, मागून कुणीतरी हाक मारतं, आणि तिथे पान संपतं. मी वर्षभर तेवढंच वाचत राहिले. शेवटी विचारलं, "नाना, हाक कुणी मारली?" त्यांनी जेवता जेवता उरलेली कथा सांगितली, बाईच्या बोलण्यासकट. जुळवताना मजकुराकडे लक्ष नसतं, असं ते इतरांना सांगत. ते खरं नव्हतं.

आईची आणि त्यांची खरी गाठ बांधली गेली ती १२ जुलै १९६१ नंतर, असं मला वाटतं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. आजी-आजोबांना घेऊन ते पर्वतीवर गेले. पाणी ओसरल्यावर घर पाहिलं, मग छापखाना. केसा उलट्यापालट्या, सगळे खिळे चिखलात कालवलेले. मालकांनी डोक्याला हात लावला. नाना घमेली घेऊन बसले. चौथ्या दिवशी आई डबा द्यायला गेली आणि तीही तिथेच बसली. तिचं शिक्षण जेमतेम दुसरीपर्यंत, तेही विसरलेलं. ती रूपावरून खिळे वेगळे करू लागली. पोट असलेले इकडे, शेपटी असलेले तिकडे. नाना एकेका ढिगाचं नाव सांगत. "हा म. हा भ. बघ, याला गाठ आहे." कित्येक आठवडे दोघं दुपारभर तसे बसत. आई अक्षरं शिकली ती चिखलातून धुऊन काढलेली, आणि आरशातली. पुढे सरळ अक्षरं तिला आली, तरी ती म्हणायची, "मला आधी उलटी ओळखीची झाली."

१९८४ साली ताईचं लग्न ठरलं. पत्रिका नानांनी स्वतः जुळवली, सुट्टीच्या दिवशी, मालकांची परवानगी घेऊन. 'विनीत' या शब्दाखाली त्यांनी स्वतःचं आणि आईचं नाव बसवलं. आयुष्यभर इतरांची नावं जुळवलेल्या त्या बोटांना ही दोन नावं जुळवायला बराच वेळ लागला, असं ट्रेडल मशीनवाल्या काकांनी सांगितलं. दोनशे प्रती नेमक्या, हलक्या दाबाच्या. चांगल्या छपाईत कागदाच्या पाठीवर उठाव येऊ नये, असा नानांचा दंडक. एकच प्रत मात्र त्यांनी जाड कार्डावर भरपूर दाब देऊन काढून घेतली. ती आईची.

पुढे संगणक आला. छापखान्यात ऑफसेट बसलं आणि खिळे किलोवर मोडीत गेले. पुरातून एकेक करून वाचवलेले तेच खिळे, पोत्यांत भरून. त्या दिवशी नाना दुपारीच घरी आले. काम काहीच नव्हतं, हात स्वच्छ होते. तरी ते मोरीत गेले आणि राख घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. आई दाराशी टॉवेल धरून उभी होती.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आईच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. ट्रंकेच्या तळाशी, तिच्या शालूच्या घडीत, ते जाड कार्ड आहे. कधीतरी दुपारी ती ते काढते, पालथं घालते आणि मग फिरवून वरची कड खाली घेते. पाठीवर उठलेल्या ओळींवरून उजव्या हाताचं पहिलं बोट सावकाश नेते. अक्षरं आरशातली, डोक्यावर उभी, स्टिकमध्ये नानांना दिसत तशी. शेवटच्या ओळीशी बोट थांबतं, आणि ती दोघांची नावं वाचते.