मामाच्या रानातली टिटवी

चैत्र संपत आला, की मामाच्या गावाला जायलाच हवं! गाव आहे बारामती तालुक्यात, सुप्याजवळ. मोरगावचा गणपती तुम्हांला ठाऊक असेलच; तिथून फार लांब नाही. इथं पाऊस कमी, त्यामुळं उन्हाळ्यात जिकडं बघावं तिकडं उघडा माळ. 'तिथं काय बघायचं?' असं विचारणाऱ्यांनी एकदा पहाटे उठावं. अंगणात कडुनिंबाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. आंब्यावर कोकीळ ओरडत असतो आणि कावळे त्याला हुसकावत असतात. हुसकावणारच! कोकिळा घरटं बांधतच नाही, गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

या वर्षी मात्र आमची सुट्टी गेली ती टिटवीपायी.

ज्वारी निघाली होती. नांगरटीला ट्रॅक्टर आला. दोन-तीन तासं झाली असतील, तोच एक टिटवी ओरडत ट्रॅक्टरवर झेपावू लागली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आम्ही धावलो. बघतो तर समोर नुसती ढेकळं! मामांनी बोट दाखवलं, तेव्हा कुठं दिसली. चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. आणखी दोन पावलं टाकली असती, तर माझाच पाय पडला असता. ना काडी, ना गवत. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, की झालं टिटवीचं घर!

"उचलून बांधावर ठेवूया?" मी विचारलं.

"नगं. जागा बदलली तर ती वळखायची न्हाई."

ड्रायव्हर कुरकुरला, "तात्या, एवढ्यासाठी वळसा घालू? डिझेल जातंय."

"जाऊ दे. बाजेएवढी जागा सोड," म्हणत मामांनी चार कोपऱ्यांना चार दगड मांडले.

ट्रॅक्टर गेला, पण टिटवी काही येईना. ऊन तर असं, की चप्पल काढली तर पाय भाजावेत. अंड्यांचं काय होणार? आम्ही बांधाआड दबा धरून बसलो. अर्ध्या तासानं ती आली, गुरांच्या हौदाकडून, तुरुतुरु चालत. पोटाची पिसं ओली होती! तशीच अंड्यांवर उभी राहिली. कडक उन्हात अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेला गेलो. सुमारे पाच चौरस किलोमीटरचं हे रान चिंकारा हरणांसाठी राखलेलं आहे. पाल्यातल्या ओलाव्यावर चिंकारा बरेच दिवस पाण्यावाचून काढतात. तिघं दिसले, शेपट्या हलवत उभे. एरवी मी तासभर बघत बसलो असतो. पण खरं सांगू? माझं मन चार दगडांपाशीच होतं.

पुण्याला परतल्यावर वैशाखात मामांचा फोन आला.

"खळगा मोकळा झाला बघ! पिल्लं पळतात सुद्धा."

"चारही?"

"तीन मोजली. चौथं ढेकळाआड दडलं असंल. जातो, बघून येतो."